चौदा तास वीस मिनिटं

चौदा तास वीस मिनिटं — नाही ताई, तुम्हाला कुणी काहीही सांगू दे — मध्ये विमान बदलायचे दोन तास धरून चौदा तास वीस मिनिटं, आणि अंतर नऊ हजार चारशे किलोमीटर. मला कसं माहीत? अहो, बॅगा दुरुस्त करणारा असलो म्हणून काय झालं — तुम्ही चाललाय ना, माझा धाकटा भाऊ तिथेच असतो! त्याच्यासाठी काही नेऊ का म्हणता? बघू, सांगतो. बसा ना, चाक बसवलं की झालं, झिपला मेण पण लावून देतो. तो भिंतीवरचा नकाशा बघा — बाबांनी लावलाय. दुकान त्यांचंच. येईल त्या गिऱ्हाइकाला तो दोरा दाखवायचे, इथून तिथपर्यंत ताणलेला — नऊ हजार चारशे, चौदा तास वीस! आणि मी? मी त्यांच्या खुर्चीमागे रिव्हेट ठोकत. घर दुकानाच्या वरच, तेरा पायऱ्या — तेरा पायऱ्यांचं कुणी कौतुक केलंय कधी?

हसू नका. जळतो मी त्याच्यावर, सरळ सांगतो. दोन वर्षांतून एकदा यायचा, तर बाबा त्या दिवशी सकाळीच दाढी करून, घड्याळ समोर ठेवून बसायचे — आता समुद्रावर आला असेल, आता उतरला असेल, काही खाल्लं असेल का त्याने? मी रोज दोन वेळा ताट घेऊन त्या पायऱ्या चढायचो, तर 'ठेव तिथे'. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना — मी आपला पायथ्याचा धोंडा.

गेल्या वर्षी शेवटचं दुखणं आलं. डॉक्टर दुपारी म्हणाले, कुणाला बोलवायचं ते बोलवून घ्या. केला ना फोन — म्हणजे, हातात घेतला होता. मग वाटलं, इतके महिने अंघोळ, कपडे, औषधं, सगळं मी केलं, आता हा येणार आणि मी परत खुर्चीमागे. ठेवला खाली. एकदा तरी बाबा माझ्या एकट्याचे असू देत, एवढंच. पण पहाटे पाचला त्यांनी विचारलं — धाकटा निघाला का? तोंडातून गेलं, हो, बसला विमानात. झालं! मग दिवसभर तेच — 'कुठे आला?' समुद्रावर. 'आता?' विमान बदलतोय. 'खाल्लं का काही त्याने?' — माझ्या पोटात सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता ताई, पण म्हटलं, हो, पोटभर. बाबांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण वेळ पक्की. घड्याळाचे टोले मोजत होते. संध्याकाळी सात वीसला म्हणाले, दार उघड. बाहेर कोण असणार? मीच तेरा पायऱ्या उतरलो, आणि बूट वाजवत पुन्हा चढलो. 'आलास?' — 'आलो, बाबा.' मग हात धरला त्यांनी माझा. इतका घट्ट — जन्मात कधी धरला नव्हता. तसेच गेले.

धाकट्याला सांगितलं, अचानक झालं, वेळच मिळाला नाही. फोनवर रडत होता. विचारलं त्याने, माझी आठवण काढली का रे, दादा? मी म्हटलं — नाही.

असं काय बघताय? ही घ्या बॅग, चाक नवीन आहे, ओढून बघा. पत्ता? कसला पत्ता? माझं कुणी नाही तिथे. निघा आता, विमान चुकेल.