नूतनची साखर

— ठेव वं मेघा, ठेव ती पाकिटं होती तिथं. आशाताई झालीस म्हणून काय लोकांच्या डब्यात हात घालशील? हो, भरलेलीच आहेत. नाही खात मी संधिवाताच्या गोळ्या. मुक्ताईनगरच्या डॉक्टरला सांगायचं तर जा, सांग — नाही, थांब, बस, आधी ऐकून घे. ही इंदिराबाई काही येडी नाही झाली.

आमची नूतन जळगावला प्रयोगशाळेत काय करते, माहीत आहे का तुला? गावाला वाटतं, तिशी उलटली तरी पोरगी शिकतच बसली. अगं, आपल्या केळीवरच पीएचडी करते ती. घड कापला की आपण खांब गुडघ्याइतका ठेवतो, मधे कोरून खड्डा करतो, वर पान झाकतो — सकाळी पाणी भरलेलं असतं, मुतखड्याला नेतात लोक — त्याच पाण्यातून तिनं साखर काढली. चहातली नव्हे वं, ही गोड लागतच नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या पिसाळल्या की सांधे सुजतात. हिनं काय केलं, बशीत तसल्या पेशी घेतल्या, मुद्दाम भडकवल्या, अन् ही साखर टाकली — तर निवल्या की! मोबाईलवर फोटो दाखवला मला. मला काय कळतंय, नुसते ठिपके — पण पोरीचं तोंड कसं फुललं होतं, ते कळलं ना.

मग? मग काय, मी रोज पेलाभर पिते ते पाणी, अन् गोळ्या बंद. नाही, तिनं नाही सांगितलं. तिला माहीतच नाही. तिनं तर बजावलं होतं — आई, हे बशीतलं आहे, अजून उंदरालासुद्धा दिलं नाही. नाही दिलं तर नाही दिलं, मी आहे ना! मागं तिच्या मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, याचा माणसाला उपयोग काय? त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. सोमवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा आहे, कुणीही जाऊन बसू शकतं — मी जाणार, अन् त्या सरांपुढं दोन्ही हात धरणार. हा घ्या म्हणावं माणूस.

आता हाताकडं काय बघतेस? सूज नाही ती, काल धुणं जास्त झालं. गुडघा? तो थंडीनं. ताप नाही गं, चुलीपाशी बसले होते म्हणून अंग — मेघा, हात सोड. दुखतंय. हो, दुखतंय. रात्री पांघरूण ओढता येत नाही, झालं समाधान? उतरेल सोमवारपर्यंत. उतरलीच पाहिजे. नाही उतरली तर पोरीची साखर खोटी ठरेल गं, अन् तीही माझ्यामुळं.

फोन वाजतोय बघ. तिचाच असेल. तेवढा उचलून दे, माझं बोट नाही चालत त्यावर. अन् तू तोंड उघडायचं नाहीस, सांगून ठेवते — हां नूतन, बोल बाई. मी? मी ठणठणीत. एकटीच आहे, कुणी नाही — ए मेघा, दे इकडं. दे म्हणते ना फोन. नूतन, ती सांगते ते काही ऐकू नकोस — नूतन? अगं, आत्ता कशाला निघतेस, सोमवार तोंडावर आलाय तुझा —

ठेवला तिनं.

जा तू, मेघा. जा घरी.