ट्रेलरच्या पुढे

हॅलो?… हॅलो… कोण?… अगं, तू होय! एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला चष्मा लावायचा राहिलाय, मला नाव कुठलं दिसतंय फोनवर. बोल, सूनबाई. पोचलीस? काय म्हणाला रंगारी?… काय?… कुठे?… अगं, आतापर्यंत निम्मी परांची उभी व्हायला हवी होती तिथे! तो काय हवेत उभा राहून भिंत रंगवणार आहे?

थांब, थांब. आधी सांग, गाडी उभी आहे ना? चालवता चालवता बोलत नाहीयेस ना?… उभी आहे. कडेला?… हँडब्रेक ओढलास?… गिअर?… चाकांना दगड?… मग लाव ना बाई! उतारावर उभी आहेस म्हणतेस, आणि मागे एवढं लोखंड!… हो, ट्रेलरच्या चाकांना. दोन्ही. समोरून लाव, खालच्या अंगाने. जा, मी थांबते.

…अहो. अहो! तो नळ बंद करा जरा, काही ऐकू येत नाही… सुनेचा. उतारावर उभी आहे… मला काय माहीत का? तेच विचारतेय. तुम्ही भांडी राहू द्या, फुटतील. राहू द्या म्हणते ना.

हं, लावले?… आता सांग काय झालं. सावकाश. आणि रडू नकोस… बरं, रडत नाहीयेस. नाक ओढते आहेस. सांग.

हं… हं… टाकीपासून खाली वळलीस… बरं… काय हलायला लागलं?… ट्रेलर. इकडून तिकडे… हं… आणि मग गाडीलाच ओढायला लागला. मग तू काय केलंस?… ब्रेक मारलास. मारलासच. अगं, किती वेळा घसा कोरडा केला मी! ट्रेलर डुलायला लागला की ब्रेकला पाय लावायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि तिला आपोआप हळू होऊ द्यायचं… हो, माहीत आहे, घाबरलं की पाय आपला आपण जातो. माझाही गेला होता. म्हणून तर सांगितलं होतं!

कुणाला लागलं नाही ना?… तुला?… नक्की?… आणि बुटकीला काही झालं?… अगं, तुझं विचारून झाल्यावरच विचारलं ना तिचं! गाडी आहे म्हणून काय झालं, इतकी वर्षं रोज हा ट्रेलर ओढतेय ती बिचारी.

पण डुललाच का म्हणते मी. माझ्या हाताखाली तर त्या एका वेळेनंतर कधी… नाही, तुला बोलत नाहीये. तू भरलास कसा? काल इथे स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं, पाइप जोडायच्या क्लॅम्पची पोती ट्रेलरच्या पुढे ठेव. ठेवलीस ना?… सगळी?… मग डुलायला नको. पुढे म्हणजे कुठे ठेवलीस?… हो गं, ट्रेलरच्या पुढे, पण कुठे?… हौद्यात? कुठल्या हौद्यात?… बुटकीच्या मागच्या?

अरे देवा.

अगं, ट्रेलरच्या पुढे म्हणजे ट्रेलरच्या आत! पुढच्या बाजूला!… नाही, ट्रेलरच्या पुढे बुटकी असते हे मलाही ठाऊक आहे!… हो… हो, मी हेच म्हणाले होते… हो, शब्द तोच. तू अगदी बरोबर केलंस, बाई, शंभर टक्के बरोबर, पण लोखंडाला व्याकरण कळतं का? पुढे म्हणजे मागे! म्हणजे पुढेच, पण मागच्याच्या पुढे!… हसतेस काय? हसू नकोस. मला घाम फुटलाय इथे.

म्हणजे ट्रेलरमध्ये आता नुसते पाइप आणि फळ्या. आणि पाइप मागे किती बाहेर आलेत?… एवढे? तरी लाल फडकं बांधलंस का?… शाब्बास, तेवढं तरी बांधलंस.

ऐक आता. तुला बाक माहीत आहे ना, आपल्या अंगणातला? तुझे सासरे बसतात तो. त्याच्या पार टोकाला कुणी जाड माणूस बसला की दुसरं टोक कसं उचलतं?… अहो, तुम्हाला नाही म्हणाले जाड! उदाहरण देतेय… तसंच झालंय तुझं. सगळं वजन ट्रेलरच्या ढुंगणावर, म्हणून त्याची मान वर. मान वर, म्हणून बुटकीचं मागचं अंग वर. मग तिची मागची चाकं रस्ता धरणार कशी? मोठा ट्रक असता तर त्याने दाबून नेलं असतं. ही लहान आहे. हिला वजन नीट मांडून दिलं की ही तक्रार करत नाही, आणि नाही दिलं की अशी करते. कळलं? आता मी सांगते तसं कर. आधी हौद्यातली पोती…

काय?… नाही म्हणजे?… अगं, नाही म्हणजे काय? तिथे उतारावर ट्रेलर सोडून घरी येणार आहेस चालत?… त्याला कसा फोन करणार? शिफ्टमध्ये फोन कपाटात ठेवतात त्यांचे. आणि आला तरी तुझा नवरा काय दिवे लावणार आहे? बुटकी विका, मोठा ट्रक घ्या, नाहीतर हे सगळंच बंद करा, एवढंच येतं त्याला… हो, मुलगा माझाच आहे, म्हणून तर खात्रीने सांगतेय.

अगं, ऐक ना… ऐक… रंगाऱ्याला दोन दिवस थांब म्हणून सांगायचं? तो थांबेल? दुसरा परांचीवाला बोलावून मोकळा होईल… माझी पट्टी? पट्टीचं काय?… सुटली की मीच चालवू…

हं.



अगं, तेच तर… तू एक काम कर, आधी पोती… नाही. नाही, तुला सांगतेच. काय लपवायचंय आता. पट्टी सुटली तरी मी चालवणार नाहीये… रुसले नाहीये, गाढवे! डोळा गेला माझा. तो डोळा गेला. आतला पडदा सुटला होता, त्यांनी बसवून बघितला, नाही बसला. परवाच सांगितलं डॉक्टरांनी. एका डोळ्याने अंतरच कळत नाही मला. काल चहा कपात ओतायला गेले आणि सगळा टेबलावर. हे म्हणाले, हात थरथरतो का गं. मी म्हटलं, हो. आता मी ट्रेलर घेऊन कुणाच्या फाटकातून आत जाऊ, सांग. एखादं पोर मागे उभं असलं तर?… कुणाला नाही सांगितलं. तुझ्या नवऱ्याला सांगितलं असतं तर आज संध्याकाळपर्यंत त्याने गिऱ्हाईक दारात उभं केलं असतं. मला वाटलं, आधी तुला जमतंय का बघू. तुला जमलं तर बुटकी राहील. नाही जमलं तर विका मग, माझं काय म्हणणं असणार.

…हॅलो?

ऐकलंस ना?

…किती काय?… पोती किती हलवू म्हणतेस?

सगळी. सगळी हलव. उचलवत नसतील तर तोंड सोड, अर्धे अर्धे क्लॅम्प ने. घाई नको, कंबर धरेल. ट्रेलरच्या चाकांच्या पुढे ठेवायची, आतमध्ये, ट्रेलरच्याच आतमध्ये! आणि पाइप सोडून पुढे ओढ, पार ट्रेलरच्या पुढच्या फळीला टेकेपर्यंत, मग परत आवळ. चाकांच्या पुढे निम्म्याहून थोडं जास्त वजन आलं पाहिजे. सगळंच पुढे नको, नाहीतर बुटकी मागून बसेल… हो. फोन सीटवर ठेव. मी आहे.

…

काय बघताय असे? दारात उभे राहून ऐकलंत ना सगळं?… ठेवा तो पेला. ठेवा आधी, सांडतंय… अहो, सांगणार होते… कधी म्हणजे? दवाखान्यात तुम्ही बाहेर पेपर वाचत बसला होता. तो खाली ठेवलात की सांगू म्हटलं. तुम्ही ठेवलाच नाहीत… नाही हो, दुखत नाही… रडत नाहीये. पट्टीखाली पाणी येतंच, औषधाने. बसा. इथे बसा. पण बोलू नका, तिचा आवाज ऐकू येणार नाही.

हं, बोल! झालं?… सगळी?… धाप लागली आहे, थांब, पाणी पी आधी. आता असं कर, बाजूला दहा-बारा पावलं जाऊन उभी राहा आणि बघ. गाडी आणि ट्रेलर एका रेषेत दिसतात? ट्रेलरची मान वर नाही ना?… किंचित खाली? मग छान. मग एकदम छान. हुकाची खीळ बसली आहे?… साखळी?… दिवे?… बघ, हे सगळं मी विचारायच्या आधी तूच करायला हवंस उद्यापासून.

दगड काढ आता. आधी गाडीत बसून ब्रेक… नाही, ते कसं जमेल एकटीला. हँडब्रेक आणि गिअर आहे ना? मग काढ. समोर उभी राहू नकोस, बाजूने लाथेने काढ. आणि दुसऱ्या गिअरमध्येच खाली ने, इंजिनच धरून ठेवेल तिला. ब्रेकवर उभी राहू नकोस. फोन त्या खणात टाक, चालू राहू दे. तू बोलायचं नाही. मीही बोलणार नाही.

…

निघाली… श्श. अहो, ऐका. तो खडखड आवाज येतोय ना, तो पाइपचा. तो चांगला. एकसारखा आहे बघा… ठण् असा आला तर वाईट… गिअर चढवू नकोस, चढवू नकोस… तिला नाही ऐकू जात, माहीत आहे मला, तरी बोलतेय… वळण आलं. आता तिथे तो खड्डा आहे, शाळेच्या भिंतीपाशी. ऐकलंत? धप्प! आणि नंतर काही नाही. डुलला नाही. अहो, डुलला नाही तो!… हात सोडा ना माझा, किती दाबताय… बरं, राहू दे.

हा हॉर्न तिचाच. सपाट रस्त्याला लागली. आता रंगाऱ्याचा आवाज येईल बघा, तो माणूस बोलल्याशिवाय… आलाच.

हॅलो! पोचलीस?… ऐकलं मी, सगळं ऐकलं. बरं, पण संपलं नाही अजून. फाटकातून उलटा घ्यायचाय ना आत?… कोण ओरडतोय?… डावीकडे घे, उजवीकडे घे! त्याला म्हणावं, तू ब्रश धर आणि बाजूला हो… मी सांगितलंय म्हणून सांग. त्याच्या डाव्या-उजव्याने ट्रेलर मोडतो. हं. आता स्टिअरिंगला एकच हात. वर नाही, खाली धर, सहा वाजता काटा असतो तिथे. आता तो हात ज्या बाजूला नेशील त्या बाजूला ट्रेलरचं शेपूट जाईल. विचार करू नकोस. डावं-उजवं काही नाही. हात तिकडे, शेपूट तिकडे. थोडं थोडं. बिघडलं की पुढे जायचं आणि… गाडी घेऊन पुढे गं, ट्रेलरसकट! आज पुढे हा शब्दच काढायला नको मी.

…गेलं?… नाही. पुन्हा. सगळ्यांचं होतं… घाई कुणाला आहे? त्याला? थांबू दे त्याला… पुन्हा… हळू…

काय झालं? का थांबलीस?… आत?… अख्खा? फाटकाला लागला नाही?… कुठेच नाही?

अगं बाई.

अहो, आत घातला तिने! दोन खेपांत! मला पहिल्या दिवशी पूर्ण सकाळ… नाही, तुला काही सांगत नाहीये, ह्यांना सांगतेय. डोक्यावर चढून बसशील. उतरव पाइप आता. मोजून उतरव, आणि रिकामा ट्रेलर जास्त उड्या मारतो, येताना सावकाश ये.

काय?… उद्या? मी?… कशाला?… तुझ्या शेजारी बसून काय करू मी एका डोळ्याने?… बोलू? आत्ता एवढं बोलले त्याने पोट नाही भरलं तुझं?… आरशात बघून सांगायचं. हं… ते खरं आहे, एवढा तर दिसतो आरसा… अगं, पण… तसं नाही गं. मी त्या बाजूला कधी बसलेच नाही. बुटकी घरी आली तेव्हापासून जी चढले ती स्टिअरिंगच्या बाजूनेच. तो पलीकडचा दरवाजा आतून उघडतो कसा, हेसुद्धा मला माहीत नाही… खरंच. काय थट्टा करतेय का मी?

…खटका आधी वर उचलायचा. हं… मग आपल्याकडे ओढायचा… आणि मग खांद्याने ढकलायचा.

बरं.

नाही, काही नाही झालं. कळलं. आधी वर, मग आपल्याकडे. ठेवते.