सगळ्यांना मनाई

...आणि हे कुणाला सांगतोय तर मला! अहो, एकतीस वर्षं भोर-वेल्ह्याच्या बातम्या देतोय, साहेबांच्या केबिनमध्ये चिठ्ठी न पाठवता घुसलोय, आणि हा कॉम्प्युटर मला म्हणतो, 'परवानगी नाही. प्रशासकाशी संपर्क साधा.'

मागत काय होतो? एक फोटो. तुम्हाला सांगतो, आमचा फोटोग्राफर गोरख गेल्या आठवड्यात गेला. उद्या पासलीला दहावा. आणि जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा घरात एक फोटो नाही! त्याची बायको बनाबाई सकाळपासून तीनदा फोन करतेय, "भाऊ, गावला का फोटू? हार कशाला घालू, भिताडाला?" एकच आहे, सारोळ्याच्या पुलावर, नीरेला पूर आला तेव्हा त्याचाच कॅमेरा हिसकावून मी काढलेला. तो गोरखच्या कॉम्प्युटरवर. टेबलाला टेबल चिकटलेलं, हात लांबवला की पोचतो! पण फोल्डर उघडेल तर शपथ. प्रशासकाशी संपर्क साधा!

साधला. पुण्याच्या मुख्य ऑफिसात शेफालीबाई आहेत, आवाज असा की रेल्वेची घोषणाच. "सर, आमच्या नेटवर्कवरून तुम्हाला पूर्ण परवानगी आहे. अडचण तुमच्या लोकल मशीनमध्ये आहे." लोकल! म्हणजे आम्ही! अडचण नेहमी आमच्यातच! मी म्हटलं, बाई, तुम्ही परवानगी दिलीत, मग दार अडवतंय कोण? "सर, तक्रार मेलवर टाका." मेलवर! दहावा थांबणार आहे का तुमच्या मेलसाठी?

शेवटी समोरच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातून बंडूला आणला. "काका, कुलपं दोन हैत. पुण्याचं उघडं हाय, ह्या मशीनचं बंद. दोघांत जे कडक, त्येचंच चालतं."

"मग हे कडक लावलं कुणी? नाव सांग, पहिल्या पानावर घेतो!"

"नाव हितंच हाय की." पडद्यावर बोट ठेवलं पोरानं. माझं नाव.

आता काय सांगू... गोरखला जाऊन तीन दिवस झाले नाहीत, तर पुण्यानं त्यानं काढलेला फोटो दुसऱ्याच्याच नावानं छापला! माझं डोकंच फिरलं. त्याचा फोल्डर कुणी उघडायचा त्याची यादी उघडली, 'सगळे' दिसले, पुढे 'मनाई'वर खूण ठोकली. घ्या म्हटलं!

"अरे, पण ते पुण्याच्या लोकांसाठी होतं! मला कशाला?"

"काका, सगळे म्हनलं की तुमी बी आलाच की त्यात."

खूण काढली. उघडला गोरख. हसतोय, जरा हललेला, कोपऱ्यात माझा अंगठा. बनाबाईला कळवलं, बंडू गेला, आणि मी सवयीनं शेजारच्या टेबलाकडे बघून म्हटलं, "गोरख, चहा सांगू का?"

...तुम्हाला सांगतो, तो गेल्यापासून मला 'सगळ्यां'त धरलं ते या एका कॉम्प्युटरनं. तेही हाकलायला.