थोरलेपणाचा करार

अकोल्याच्या बसमध्ये चांगुणाबाई पुढच्या सीटवरच्या आत्या-भाचीचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या दोन सुना मागं बसल्या होत्या.

"आत्या, आमच्या दोन विमान कंपन्या एक झाल्या. पगाराचा करार व्हायचाय, पण सीनियर कोण, यावरून आम्हा पायलटांच्या दोन युनियन भांडतायत."

"आमी जावाबी तशाच, पूजा. माझी जाऊ थोरल्या दिराची बायको, पन घरात मी आधी आले. आमी भांडायचो, सासूची चैन व्हायची."

"मग?"

"एक दिवस दोघींनी मिळून चूलच पेटवली न्हाई. दुपारपातुर सासूबाई सरळ!"

"मग थोरली कोण ठरली?"

"त्यावरून अजून भांडतो की. पन सासूसमोर न्हाई."

चांगुणाबाईंनी मागं वळून पाहिलं. सकाळपासून एकमेकींशी न बोललेल्या सुना एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या.