शेठच्या गाडीचं रबर

आमचा वामन मिस्त्री कसा अडकला, ते ऐकाच. सुरतेच्या गॅरेजात तो अन् मी, दोघं धुळ्याचे. एका जरीवाल्या शेठची दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून वामननं आठ दिवस खपून तिच्या दारांना नवं रबर अन् पट्ट्या बसवल्या.

शेठ म्हणाले, "मी आत बसतो, तू बाहेरून बोल. आवाज आला तर रबर उपट अन् तू पण चालता हो."

शेठ बसले, काचा वर. वामनचं तोंडच उघडेना. मी म्हटलं, "दे ना भो शिव्या. तुझ्याच रबरावर तुझा भरोसा नाही का?"

वामन बिचारा बोलला, "एवढं पोट घेऊन बसतात, गाडीलाच लाज वाटत असेल."

शेठ उतरले. चेहरा दगडासारखा. "काही ऐकू नाही आलं. आता तू बस."

दार लावून शेठ जे सुरू झाले, ते वामनच्या बापापासून थेट पणजोबापर्यंत गेले. बाहेर माझेच कान तापले.

वामन घामाघूम होऊन उतरला.

"ऐकलंस काही?"

"एक अक्षर नाही, शेठ. पण माझे पणजोबा तसे नव्हते."

शेठ पोट आत ओढून गाडीत बसले अन् रबराचं नावही न काढता निघून गेले.