सॉना हिल्पाचा

...आणि वर कामावरचे लोक मलाच विचारतात, "काय तौनो, हल्ली सॉना तापवत नाहीस?" कसा तापवू? वाफ घ्यायच्या त्या खोलीत ती बसलीय ना! अहो, मी मुळात संशयी माणूस नाही, पण तुम्हीच सांगा, घरात पलंगाखाली जागा, कपाटावर जागा, आणि या मांजरीनं पिंजऱ्यातून सुटल्या सुटल्या नेमका सॉनाच का गाठावा? तोही बाकाखाली, पार कोपऱ्यात! फिनलंडच्या माणसाचा जीव कशात असतो, हे तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं!

तुम्हाला सांगतो, मांजर आणायला मी गेलोच नव्हतो. बेवारशी जनावरं ठेवतात ना, तिथे जुने टॉवेल द्यायला गेलो होतो. तिथली इर्मेली म्हणाली, "ही हिल्पा. जंगलाच्या कडेला वाढली, माणसाचा भरवसा नाही तिला. हात लावायचा नाही, टक लावून बघायचं नाही, उगाच बोलायचं नाही." म्हटलं, म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांसारखीच, जमेल की! तिथे फसलो.

मग आला शनिवार, म्हणजे आमच्याकडे सॉनाचा वार. सॉनाशिवाय शनिवार? शेवटी समोरच्या ओइवाचं दार वाजवलं. वीस वर्षांचा शेजार, पण "थंडी आहे" याच्या पुढे आमची गाडी कधी गेली नव्हती. माझं सगळं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "हं." म्हणजे ये! तेव्हापासून दर शनिवारी खांद्यावर टॉवेल टाकून मी आपला दुसऱ्याच्या वाफेत, अंग चोरून...

आणि त्याच सुमाराला माझे मोजे गायब व्हायला लागले! लोकरीचे, बहिणीनं विणलेले, आणि जोडीतला एकच! कपडे वाळवायची खोली बिल्डिंगला एकच, तिची किल्ली कुणाकडे? ओइवाकडे! मी मुळात संशयी माणूस नाही, पण म्हटलं, याच्या पायांवर नजर ठेवावी. ठेवतो कसली? सॉनात माणूस उघडा! मोजे बघणार कुठे? शेवटी विचारलंच, "ओइवा, तुझे पाय गार पडतात का रे?" तो म्हणाला, "हं?" बघा, कसा सावध!

वैतागलो, इर्मेलीला फोन केला, घेऊन जा बाई तुझी हिल्पा. ती आली, ओइवा पिंजरा धरायला आला. हसत आला! ओइवा हसतो? इर्मेलीनं बाकाखाली बॅटरी मारली आणि ओरडली, "अगंबाई! तौनो, हे मोजे तुमचे का?"

सगळे! म्हणजे वाळवायच्या खोलीपर्यंत ते पोचतच नव्हते, रात्री मी काढून टाकले की ही एकेक ओढून नेत होती! एकावर एक रचलेले, मधे खळगा, खळग्यात बाईसाहेब. आमच्याकडे बघून असा बारीक आवाज काढला, इतक्या दिवसांत कधी काढला नव्हता...

"तुमच्या वासावर झोपतेय ही," इर्मेली म्हणाली. "आता हलवली, तर पुन्हा कुणावर भरवसा टाकेल असं वाटत नाही मला. पण तुमचाही सॉना अडलाय..."

हिला पुन्हा पिंजऱ्यात घालायची? आणि माझ्या तोंडून काय निघावं? "सॉना? छे छे, मला मुळी वाफ सोसतच नाही! लहानपणापासून आवडत नाही!"

इर्मेलीनं तोंडावर हात ठेवला. ओइवाच्या हातून पिंजरा पडला. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस एवढं लांब वाक्य बोलला, "मग दर शनिवारी माझ्याकडे कशाला येत होतास?"

आता काय सांगू? मोजे शोधायला?

तेव्हापासून तो दार उघडत नाही. वाफ न सोसणारा माणूस दर शनिवारी शेजाऱ्याच्या सॉनात कशाला जात होता, हा आता अख्ख्या बिल्डिंगचा प्रश्न, मी जिन्यात दिसलो की कुजबुज थांबते. शनिवारी बाथरूममध्ये कोमट पाणी अंगावर ओततो, गपचूप. हिल्पा हल्ली सॉनाच्या दारापर्यंत येते, बसते, बघते. परवा म्हटलं, एवढं सगळं हिच्यासाठी गमावलं, आता संकोच कसला? जोडीतला उरलेला एक मोजा स्वतःच्या हातानं तिच्यापुढे ठेवला. तिनं हुंगला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोज्याकडे पाहिलं... आणि दोन पावलं मागे सरकली!

मुळात संशयी नाही हो ती, पण... हा माणूस फुकट मोजा का देतोय?