आजीचा शेवटचा व्हॉइसमेल

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बसस्टॉपवर माझ्या पुढे सिएरा लिओनचे बहीण-भाऊ उभे होते. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते. म्हणजे, ऐकतच होते. ते बोलत होते इंग्लिशमध्ये, पण भांडण इतकं घरचं होतं की मला मराठीतच ऐकू आलं.

“वांडी,” बहीण भावाला म्हणाली, “आजीचा तो व्हॉइसमेल मी मेंडे बोलणाऱ्या लोकांच्या वेबसाइटवर टाकला होता. आज उत्तर आलं.”

“आजी जाऊन तीन महिने झाले, जेनेबा.”

“तो व्हॉइसमेल तुझ्या फोनवर आला तेव्हा तू काय केलंस?”

“ऐकला की. ‘बुआ’ म्हणाली, म्हणजे हॅलो. पुढचं मेंडे मला कळत नाही. तुला तरी कुठे कळतं?”

“डॅडींनी शिकू दिलं का? घरात मेंडे शब्द काढला की टीव्ही बंद.”

“इंग्लिश बिघडेल म्हणायचे.”

“निदान त्यांना तरी ऐकवायचास.”

“आमचं बोलणं बंद होतं तेव्हा. काय म्हणाली ते सांग ना. औषध हवं होतं का?”

“एका बाईंनी शब्दन् शब्द लिहून पाठवलाय. ऐक. ‘वांडी बाळा, तुला हे कळणार नाही. जवळ कुणी मेंडे बोलणारं असेल तर त्याच्या हातात फोन दे. मग सांगते.’”

“मग?”

“मग काही नाही. रेकॉर्डिंग बंद होईपर्यंत ती नुसती थांबलीये.”